परतीचं पाणी: खाडीत एकट्याने होडी नेणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की अजूनही आठवड्यातून दोनदा मी एकटी होडी घेऊन खाडीत जाते, शिडावर, इंजिन नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. आंब्याच्या तुडतुड्याचे आणि कोकमाच्या कलमांचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, त्या वाचकांनी रागावू नका. मला खरं तर फार बरं वाटलं, कारण मला वाटत होतं की आता कोकणात शीड फक्त पर्यटनाच्या पोस्टरवर उरलंय.

प्रश्न: ताई, मुंबईतली नोकरी संपवून दोन वर्षांपूर्वी गावी आलो, दाभोळ खाडीच्या काठाला घर आहे. चौदा फुटी फायबरची होडी घेतली, तिला शीड बसवून घेतलं आणि एकटाच जातो. गेल्या महिन्यात पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी दुपारी अडीचला निघालो. वारा समोरून होता तरी टॅक मारत मारत, म्हणजे नागमोडी वळणं घेत, झपाझप खाली गेलो, मला वाटलं आता आपल्याला जमायला लागलं. साडेपाचला वारा पडला आणि पाणी मला समुद्राकडे न्यायला लागलं. वल्हं मारून हात सुजले, शेवटी एका मच्छीमार बोटीने दोरी टाकून आणलं तेव्हा काळोख झाला होता. माझं नेमकं काय चुकलं? भरती-ओहोटीचा हिशोब कसा करायचा?

दादा, सगळ्यात आधी, त्या बोटवाल्यांना जाऊन भेटून आलात ना? नसाल तर आजच जा, नारळ घेऊन जा.

आता हिशोब. तुम्ही पौर्णिमेनंतर दोन दिवस म्हणालात, म्हणजे वद्य द्वितीया. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला तीनने गुणून चारने भागतात, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. म्हणजे त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला खाडी भरली होती आणि तुम्ही अडीचला निघालात तेव्हा सुकती, म्हणजे उतरतं पाणी, लागून तास झाला होता. वारा समोरून असूनही तुम्ही झपाझप खाली गेलात ते टॅकमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त. होडीतून हे कळत नाही हो, कारण होडीही पाण्याबरोबर चाललेली असते, नाळेपुढे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पाणी कापलं जाताना दिसतं आणि माणूस खूश होतो. हे बघायचं असेल तर काठाकडे बघायचं, एखादा माड आणि त्याच्या मागचं घर किंवा डोंगराचा कडा एका रेषेत धरायचा, ती रेष किती भराभर सरकते त्यावरून आपण खरे किती चाललोय ते कळतं. मी आजही दर पाच-दहा मिनिटांनी हे करते, सवयच आहे.

शिवाय दिवसही तुम्ही नेमका वाईट निवडलात. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच सगळ्यात जास्त असतो असं लोक धरून चालतात, पण तो बहुतेक वेळा एक-दोन दिवस मागून येतो. आणि सुकती सहा तास एकसारखी उतरत नाही. उतरणाऱ्या सगळ्या पाण्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात परत दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून अर्धी खाडी रिकामी होते. तुमचा हा वेळ कोणता येतो बघा, साडेतीन ते साडेपाच. वारा पडला तेव्हा तुम्ही त्या धारेने आधीच तोंडाजवळ नेलेले होतात आणि भरती लागायला अजून दोन तासांच्या वर होते. चौदा फुटी होडी एकट्याने वल्हवून त्या धारेविरुद्ध येणं कुणालाच जमलं नसतं, त्यामुळे हात कमी पडले असं मनात आणू नका.

तिथीचा हिशोब दोन्ही पंधरवड्यांना लागतो, शुद्ध असो की वद्य, मोजणी परत एकपासून. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. दशमीला साडेसात. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जातं म्हणून हे जमतं. पण हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, आणि तो खाडीच्या तोंडाचा आहे. तुमची दाभोळ खाडी वाशिष्ठीचीच, आणि तिच्यासारख्या लांब खाडीत दाभोळला पाणी उतरायला लागतं तेव्हा आत गोवळकोटकडे ते अजून चढत असतं. त्यात वाशिष्ठीची आणखी एक गोष्ट, कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं अवजल तिलाच मिळतं, त्यामुळे वरच्या भागात भर उन्हाळ्यातही नदीला वाहतं पाणी असतं आणि तिथे सुकती लांबते, भरती आखडते. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, मोबाईलवर अ‍ॅपही आहेत, जरूर बघा, पण त्यातली वेळ तुमच्या धक्क्याची नसते.

म्हणून एक काम करा. तुमच्या धक्क्याला पायऱ्या असतील, नसतील तर एक बांबू रोवून त्याला वीतभर अंतरावर रंगाचे पट्टे मारा. पंधरा दिवस रोज, जमेल तेव्हा, वही घेऊन बसा आणि कुठल्या तिथीला किती वाजता किती पायऱ्या पाण्यात गेल्या ते लिहा. एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत लिहिलंत की उधाण आणि भांग, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, यातला फरक डोळ्यांना दिसतो. माझी अशी वही आहे, पाण्याने पानं फुगलेली, बावीस वर्षांपूर्वीची, आणि वेळ अजून तिच्यावरूनच ठरवते.

आता निघायचं कधी. माझा एकच नियम आहे आणि तो माझ्या मामाकडून आला, शास्त्री नदीवर माणसं पलीकडे नेणारी त्याची तर, म्हणजे होडी, होती. तो म्हणायचा आधी परतीचं पाणी बघ, मग जाण्याचं. एकटं माणूस ज्या पाण्याने घरी येणार ते पाणी कधी लागणार हे ठरल्याशिवाय दोरी सोडायची नाही. वारा पडला, शीड फाटलं, हात मुरगळला, काहीही झालं तरी पाणी आपल्याला घराकडेच आणेल असा वेळ निवडायचा.

तुमचं घर तोंडापासून आत आहे, तर तुमच्यासाठी उत्तम दिवस म्हणजे अष्टमी-नवमी, थंडीतली किंवा फेब्रुवारी-मार्चमधली. भांगाचं पाणी असतं, म्हणजे चढउतार कमी आणि धारही कमी. सकाळी साडेदहाला निघा. मतलई वारा अजून थोडा शिल्लक असतो, तो पाठीमागून मिळतो, सुकतीचा शेवटचा मंद भाग असतो, तुम्ही आरामात खाली जाता. साडेबारा-पाऊणला पाणी थांबतं. त्याच सुमाराला खारा वारा धरतो, बारीक काळसर सुरकुती पाण्यावरून पश्चिमेकडून येताना दिसते. मग भरती आणि वारा दोन्ही एका दिशेने, पाणी सपाट, शीड बाजूला पसरून द्यायचं आणि नुसतं सुकाणू धरून बसायचं. शिवाय चढत्या पाण्यात वाळूवर बसलात तरी दहा मिनिटांत होडी आपोआप उठते. हे एकदा करून बघा आणि मला कळवा.

उलट वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून असेल तर त्याच वाऱ्यात खाडी उकळल्यासारखी होते, आखूड उभ्या लाटा येतात आणि लहान होडीत पाणी घेते. दुपारच्या सुकतीला खारा वारा जोरात असेल तर एकट्याने जाऊ नका.

प्रश्न: होडी एकट्याने असताना उलटली तर काय करायचं? व्हिडिओमध्ये सगळं सोपं दिसतं.

व्हिडिओतलं निळं पाणी खोल असतं आणि आपल्या खाडीला खाली गाळ आहे, इथून सगळा फरक सुरू होतो. माझ्यावर आलेला प्रसंग सांगते.

तिशीत होते तेव्हा. जयगड खाडीत, वळणावर, जिथे डोंगर संपतो आणि घळीतून वारा एकदम सुटतो. कोकणातल्या प्रत्येक खाडीत अशा दोन-तीन जागा असतात, डोंगराच्या आड वारा मरतो आणि कडा संपला की थप्पड बसावी तसा येतो. मला ती जागा माहीत होती. पण भूक लागली होती आणि डबा उघडायला दोन्ही हात हवे होते म्हणून मी शिडाची दामण, म्हणजे शीड ओढून धरायची दोरी, खुंटीला पक्की गाठ मारून बांधली, दोन मिनिटांसाठी. झोत आला, होडी कलली, मी गाठीकडे हात नेला तर ओली दोरी ताणून इतकी आवळली होती की नख शिरेना. ती गाठ मला आजही दिसते, काथ्याची दोरी होती, पिळातून पाणी निथळत होतं. तेवढ्यात होडी आडवी.

आडवी झाली ती पूर्ण पालथी झाली नाही, कारण डोलकाठीचं टोक खाली गाळात रुतलं. मी फळीवर चढून जोर लावला, काही होईना. शीड पाण्याने भरलेलं आणि काठी चिखलात, वर सुकती चालू. मग हळूहळू पाणीच निघून गेलं आणि मी चिखलाच्या मैदानात आडव्या होडीवर बसून राहिले. उतरायचा मोह होतो हो, काठ साठ-सत्तर हातांवर दिसत असतो, तिवरांच्या मुळ्या दिसतात. मी एक पाय टाकून बघितला, मांडीपर्यंत गेला आणि काढताना चप्पल आतच राहिली. पुन्हा उतरले नाही. पाच तास बसले. आजूबाजूला निवट्या उड्या मारत होत्या, खेकडे बिळांतून येऊन एक नांगी हलवत होते, चिखलातून बुडबुडे फुटल्याचा टपटप आवाज सतत. मामा सहाला शोधत काठावर आला, त्यालाही पुढे येता येईना, तर तो तिथेच कंदील घेऊन बसला आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचा, आहेस ना गं? मी म्हणायचे आहे. रात्री भरती आली, होडी उठली, काठी सुटली.

त्यातून जे शिकले ते असं. दामण कधीही बांधायची नाही, हातात धरायची नाहीतर खुंटीला नुसता अर्धा वेढा द्यायचा की सोडली की सुटेल, आणि खायचं-प्यायचं असेल तर आधी नाळ वाऱ्याकडे करून शीड फडफडत ठेवायचं. डोलकाठीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन बांधा, दिसायला वाईट दिसतो पण होडी पालथी होत नाही आणि टोक गाळात जात नाही. उलटलीच तर पहिलं काम दामण मोकळी करणं, मगच सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, चढून वजन टाका, नाहीतर होडी उठते आणि शिडात वारा भरून लगेच दुसऱ्या अंगाला पडते. नाळ वाऱ्याकडे आली की उठवायला सोपी जाते. दोन प्रयत्नांत नाही जमलं तर थांबा, दम खा, धरून राहा. होडी सोडून काठाकडे पोहत जायचं नाही, कितीही जवळ वाटला तरी नाही. उलटलेली होडी लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

आणखी एक, एकट्याने जाणाऱ्यांसाठीच. मागच्या बाजूला आठ-दहा मीटर तरंगणारी दोरी सोडून ठेवा. आपण पडलो आणि होडी तशीच पुढे चालली तर तेवढी दोरी हाताला लागते. माझी पिवळी नायलॉनची आहे.

आणि हे सगळं आधी उथळ पाण्यात, चढत्या भरतीला, काठावर कुणीतरी उभं असताना मुद्दाम उलटवून करून बघा. चार वेळा.

प्रश्न: मी लहानपणापासून खाडीत पोहतो. आमच्या वाडीत कुणी लाईफ जॅकेट घालत नाही. एकट्याने शिडाच्या होडीत जाताना खरंच लागतं का?

लागतं. चांगला पोहणारा माणूस तासाला तीन किलोमीटरच्या आसपास जातो, तेही ताजा असताना आणि अंगात कपडे नसताना. उधाणाची सुकती अरुंद जागी त्याहून जोरात पळते. परभाण (शीड बांधलेली वरची काठी) किंवा खालची आडवी काठी डोक्याला लागून पडलात तर पोहणं येत असून उपयोग काय? घेताना त्याच्यावरचा आकडा बघा, पन्नास न्यूटनचं असतं ते शुद्धीवर असलेल्या पोहणाऱ्याला मदत म्हणून, शंभर किंवा वरचं घ्या, ते चेहरा पाण्याच्या वर ठेवण्यासाठी केलेलं असतं. पट्टे कंबरेला घट्ट बांधा आणि खिशात शिट्टी. तुमच्या वाडीत कुणीतरी पहिलं घालायला हवं, तुम्ही घाला, पोरं बघून घालतील.

प्रश्न: माझे मिस्टर रिटायर झाल्यापासून भाट्ये खाडीत एकटेच होडी घेऊन जातात. मला त्यांना अडवायचं नाहीये, त्यांना त्यात जो आनंद मिळतो तो मला दिसतो. पण ते येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी काय करू शकते?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी आई अशीच ओटीवर बसायची.

तुम्ही त्यांच्याकडून एक कागद मागा, रोज, निघायच्या आधी. त्यावर चारच गोष्टी: कुठे जाणार, किती वाजता परत, भरती-ओहोटीची वेळ, आणि किती वाजेपर्यंत आले नाहीत तर तुम्ही फोन करायचा. ही चौथी वेळ दोघांनी मिळून ठरवायची आणि ती झाली की तुम्ही संकोच न करता फोन लावायचा, आधी जवळच्या धक्क्यावरच्या ओळखीच्या बोटवाल्याला, मग ११२ ला. समुद्राकडे गेल्याची शंका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. हे आकडे फ्रीजवर लावून ठेवा. ते उशिरा पण हसत आले तर रागवा, पण पुढच्या वेळी फोन करायला कचरू नका. बायका थांबतात कारण उगाच लोकांना त्रास नको, आणि त्यात उजेड जातो.

अभिलाष टॉमी यांचं उदाहरण त्यांना सांगा. नौदलातला इतका कसलेला माणूस, २०१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला भारतीय, २०१८ च्या शर्यतीत हिंदी महासागरात वादळात त्यांची डोलकाठी मोडली आणि पाठ दुखावली, हलता येत नव्हतं. तरी तीन दिवसांत फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचलं, कारण ते नेमके कुठे आहेत हे काठावरच्यांना ठाऊक होतं. भाट्ये खाडीत सॅटेलाईट लागत नाही, तुमचा कागद पुरतो.

मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून जॅकेटला बांधलेला हवा, होडीला बांधलेला नको. आणि त्यांना म्हणावं एक लहान नांगर कायम ठेवा, दोरी खोलीच्या पाच-सहा पट. वारा पडला आणि पाणी उलटं असलं तर वल्हं मारून दमण्यापेक्षा नांगर टाकून बसून राहणं हजारदा बरं. अशा वेळी ते उशिरा येतील, पण येतील. कागदावर तेही लिहून ठेवायला सांगा, “वारा पडला तर नांगरून बसेन, पुढच्या भरतीने येईन”. मग त्या रात्री तुम्हाला निदान कळेल की काय चाललं असेल.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, मुंबईत एका क्लबमध्ये लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची शिडाची छोटी होडी, शिकले. सुट्टीत मामाकडे देवबागला असते. कर्ली नदीतून एकटीने देवबागच्या तोंडातून बाहेर समुद्रात जाऊन परत यायचंय. आतून बघितलं तर लाटा लहानच दिसतात. काय काळजी घेऊ?

अगं, जाऊ नकोस. तू चांगली शिकली असशील, तुझ्या पत्रावरून दिसतंयच, आणि म्हणूनच स्पष्ट सांगते.

आतून लाटा लहान दिसतात कारण तुला त्यांची पाठ दिसते, फुटणारं तोंड पलीकडे असतं. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, दर पावसाळ्यात तो जागा बदलतो, मागच्या वर्षीची वाट या वर्षी नसते. सुकती लागली की आतलं सगळं पाणी त्या अरुंद फटीतून बाहेर पडतं आणि समोरून येणाऱ्या लाटेवर आपटतं, लाट उभी राहते आणि दांड्यावर फुटते. बाहेरचा समुद्र शांत असला तरी हे होतं. तू सुकतीबरोबर दोन मिनिटांत बाहेर फेकली जाशील आणि परत यायला वारा असला तरी पाणी आत घेणार नाही. तिथे लेझर उलटली तर एकटीने उभी करायला ती जागा वेळच देत नाही.

जायचंच असेल तर भरती पूर्ण व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात, भांगाच्या दिवशी, वारा हलका असताना, आणि बरोबर तिथल्या तांडेलाची इंजिनवाली बोट. मामाला विचार, देवबागात असा माणूस मिळेल जो त्या तोंडातून रोज जातो. तो नको म्हणाला तर तो दिवस नकोच.

तोवर आत जा ना, नेरूरपारच्या बाजूला. भरतीबरोबर वर, सुकती लागल्यावर खाली, पण तुझ्या घराच्या अलीकडेच काठ धरायचा, कारण तुझं घर तोंडाजवळ आहे आणि चुकलीस तर सुकती तुला पुढेच नेणार. म्हणून तुझा दिवस त्या दाभोळच्या दादांच्या उलटा. भरती असेपर्यंत निर्धास्त, सुकतीच्या पहिल्या तासात, जेव्हा धार मंद असते तेव्हाच घरी. पुलाखालून जाताना डोलकाठीची उंची भरतीच्या पाण्याला मोजून बघ, आणि खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारांपासून लांब राहा, अ‍ॅल्युमिनियमची काठी आहे तुझी.

प्रश्न: चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. लहान होडीला धोका आहे का?

आहेत, थंडीत ओहोटीच्या वेळी चिखलाच्या काठावर उन्हाला पडलेल्या दिसतात. होडीवर येतील अशी भीती नको, पण हात-पाय बाहेर लोंबकळत ठेवू नका, मासे साफ करून पाण्यात टाकू नका, आणि वर सांगितलेली उलटवायची प्रॅक्टिस त्या भागात अजिबात नको, ती खाली दाभोळकडे करा. बघायला जवळ नेऊ नका, त्यांचा काठ आहे तो.

प्रश्न: फेरीबोट आडवी येते तेव्हा वाट कुणी द्यायची? मी कुठेतरी वाचलं की शिडाच्या होडीला पहिला मान.

मोकळ्या समुद्रात इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची हे खरं. पण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम असा आहे की अरुंद मार्गात वीस मीटरपेक्षा लहान नावेने किंवा शिडाच्या नावेने त्या मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाला अडवायचं नाही. फेरीबोट जड असते, गाड्या भरलेल्या असतात, तिला पटकन थांबता येत नाही. तिच्या पुढून जाऊच नका, लांबूनच दिशा बदला आणि ठळक बदला म्हणजे तिच्या माणसाला दिसेल. तोंडाजवळ डोलीची जाळी आणि खुंटही असतात, भरतीला खुंट बुडतात, ओहोटीला एकदा फेरी मारून ते कुठे आहेत ते बघून ठेवा.

प्रश्न: आजोबांची लाकडी होडी पडवीत उलटी ठेवलेली आहे, पंचवीस वर्षं पाण्यात गेली नाही. शीड, डोलकाठी, दोऱ्या सगळं माळ्यावर आहे. मला ती परत खाडीत न्यायची आहे, एकट्याने. वेडेपणा आहे का? सुरुवात कुठून करू?

वेडेपणा अजिबात नाही. तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

आधी होडी उलटी असतानाच बघा. सुऱ्याचं टोक घेऊन पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, बाजूने आणि खालच्या फळ्यांना टोचत जा, टोक सहज शिरतंय तिथे लाकूड गेलं. ती फळी बदलावी लागेल. खिळे गंजून फळीवर काळे डाग आले असतील तिथेही तसंच. फटी दिसतील त्याची काळजी करू नका, पंचवीस वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड आक्रसणारच, फटीत कापूस ठोकून भरायचा आणि वरून तेल-चंद्रूस, म्हणजे तेलात मिसळलेली राळ. हे काम जाणणारा सुतार अजून प्रत्येक बंदराशी एखादा तरी सापडतो, म्हातारा असेल, त्याच्याकडे या दिवाळीनंतर जा, पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. तो काम करत असताना शेजारी बसा. मग पाण्यात सोडायची ती दोरी बांधून, धक्क्याशी, आणि दोन-तीन दिवस तशीच पाण्यात ठेवायची. पहिल्या दिवशी भरपूर पाणी घेईल, घाबरू नका, लाकूड फुगलं की फटी आवळतात.

बंदर निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन नोंदणीचं विचारून घ्या. पावसाळ्यात नाही, नारळी पौर्णिमेनंतरही नद्यांना पूर असतो, दिवाळीपर्यंत थांबा.

आजोबांबरोबर गेलेलं कुणी गावात असेल तर पहिल्या चार खेपांना त्यांना होडीत बसवून न्या, त्यांना काही करू देऊ नका, नुसतं बसू दे आणि बोलू दे. वारा कुठल्या घळीतून येतो, कुठे खडक आहे, कुठे पाणी उलटं फिरतं, हे सगळं त्यांना अजून आठवत असेल. मग एकट्याने जा, अष्टमीला.

शीड उसवून परत शिवता येईल, डोलकाठी घासून तेल लावून चालेल, सागाची असेल तर चांगलीच राहिली असेल. दोऱ्या मात्र सगळ्या नव्या घ्या, वरून कितीही चांगल्या दिसल्या तरी पीळ उलगडून आत बघा, पीठ पडेल. आजोबांची जुनी दामण टाकू नका, ती होडीत नाळेशी गुंडाळून ठेवा.